बैठक केव्हा संपते?

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. प्रथम मलाही तसेच वाटले होते. नग्नचित्रे, यंत्रे आणि संमती हे तीन शब्द एका ओळीत आले की घरातली वडील माणसे पान उलटतात व मुले तेच पान पुन्हा उघडतात. पण हा विषय आता चित्रकारांच्या खोलीतून आपल्या माजघरात येऊन बसला आहे. घराघरांतल्या मोबाइलमध्ये मुलीबाळींची छायाचित्रे आहेत, आणि कोणत्याही छायाचित्रावरून नसते ते चित्र उभे करणारी यंत्रेही निघाली आहेत. तेव्हा ह्या गोष्टीचा मागचा इतिहास एकदा नीट पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

आरंभ लाइफ क्लासपासून करू. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्या मनात त्या खोलीविषयी नाना तऱ्हेच्या कल्पना असतात. वस्तुतः ती खोली रुक्ष असते. मधोमध एक चौथरा, त्याच्याभोवती अर्धवर्तुळात मांडलेले ईझल, आणि कागदावर कोळसा घासल्याचा आवाज. मॉडेल म्हणून येणारी बाई आडोशामागे वस्त्रे उतरवते, चौथऱ्यावर येते, सांगितलेली पोझ घेते आणि निश्चल बसते. हात अवघडतो, पायाला मुंग्या येतात. मधली सुटी झाली की ती अंगावर चादर ओढून घेते. वेळ संपला की वस्त्रे नेसते, मजुरी घेते आणि घरचा रस्ता धरते.

ह्या साऱ्या विधीत सर्वात महत्त्वाचा क्षण वस्त्रे उतरवण्याचा आहे, असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. महत्त्वाचा क्षण आहे तो चौथऱ्यावरून उतरण्याचा. त्या क्षणी बैठक संपते. दुसऱ्या दिवशी यायचे की नाही हे तिच्या मनावर असते. आज दिलेली संमती आजच्यापुरती; उद्याची उद्या. आता ती गरिबीपोटी येत असेल, तर तिच्या 'मनावर' म्हणण्यात कितपत अर्थ आहे, हा प्रश्न राहतोच. तो मी झाकून ठेवीत नाही. तथापि पायऱ्या उतरून जाण्याची वाट तरी उघडी असते.

आपल्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. ग्लॅडस्टन सॉलोमन हे तेथे प्रमुख असताना, १९१९ च्या सुमारास, नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याची पद्धत रुजली. त्यामागचा युक्तिवाद युरोपातल्या चित्रशाळांमधला जुनाच होता: आतला देह कळल्याशिवाय त्यावरचे वस्त्र रंगवता येत नाही, नऊवारीची चूण कोठे पडेल हे गुडघा ठरवतो, शिंपी नव्हे. हा युक्तिवाद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो फार अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे. ह्या चित्रशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या स्त्रीची कथा रवी जाधव यांनी 'न्यूड' ह्या मराठी चित्रपटात सांगितली. तो २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी निवडला गेला होता, ऐन वेळी वगळला गेला आणि २०१८ साली प्रदर्शित झाला. त्यातली नायिका आपले काम पोटच्या मुलापासून लपवते. चित्र भिंतीवर मानाने लागते आणि जिचे चित्र आहे तिने मात्र तोंड लपवायचे, ही विसंगती त्या चित्रपटाचे मर्म आहे.

विसंगती जुनी आहे. १८६३ साली मॅने ह्या फ्रेंच चित्रकाराने 'ऑलिम्पिया' रंगवले. १८६५ साली ते पॅरिसच्या सालों प्रदर्शनात लागले तेव्हा गहजब उडाला. नग्न स्त्रिया त्या प्रदर्शनाला नव्या नव्हत्या. पण त्या व्हीनस वगैरे देवता म्हणून येत, नजर खाली किंवा आकाशाकडे ठेवून. ही स्त्री मात्र सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत होती. तिचे नाव व्हिक्टोरीन म्यूरां. ही बाई दारूच्या व्यसनाने अकाली मेली अशी कथा पुढे पुष्कळ वर्षे सांगितली गेली. खरी गोष्ट अशी की ती स्वतः चित्रकार झाली. १८७६ च्या सालोंमध्ये तिने काढलेले तिचे स्वतःचे चित्र लागले, आणि त्याच वर्षी मॅनेची चित्रे तेथे नाकारली गेली. ती १९२७ पर्यंत जगली. चौथऱ्यावरून उतरून ती ईझलच्या मागे जाऊन उभी राहिली होती. जगाने मात्र तिला पलंगावरच आडवी ठेवली.

तरी रंगवलेल्या चित्रात एक मर्यादा असते. ऑलिम्पिया म्हणजे व्हिक्टोरीन नव्हे, हे कोणीही ओळखतो. मध्ये चित्रकाराचा हात आहे. छायाचित्र आले आणि ही मर्यादा गेली. बैठक संपली तरी प्रतिमा मागे राहू लागली, तिच्या प्रती निघू लागल्या, आणि त्या प्रती जिचे चित्र आहे तिच्या मागे न फिरता विकणाऱ्याच्या मागे फिरू लागल्या.

आता संगणकाकडे वळू. संगणकाने केलेल्या चित्रांच्या इतिहासाच्या अगदी पहिल्या पानांवरच एक नग्न स्त्री आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज ह्या संशोधनसंस्थेत लिऑन हार्मन आणि केन नोल्टन ह्या दोघांनी एक चेष्टा केली. आडव्या पहुडलेल्या नग्न स्त्रीचे छायाचित्र त्यांनी संगणकाला वाचायला दिले आणि त्याच्या काळ्यापांढऱ्या छटांच्या जागी विजेच्या सामानाची बारीक बारीक चिन्हे भरून सुमारे १२ फूट लांबीचे चित्र छापले. जवळून पाहावे तर नुसती चिन्हे. दूर जावे तर देह. वरिष्ठ बाहेरगावी असताना त्यांच्या खोलीच्या भिंतीवर ते लावून दिले. संस्थेच्या प्रसिद्धी खात्याने आधी दटावले की आमचे नाव ह्यात येता कामा नये. पुढे ११ ऑक्टोबर १९६७ रोजी ते चित्र 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आले, कला म्हणून वाखाणले गेले, तेव्हा तेच खाते म्हणू लागले की हे आमच्याच संस्थेत झाले हे लोकांना कळले पाहिजे! अब्रू आणि प्रतिष्ठा ह्यांच्यामध्ये केवळ एका वर्तमानपत्राच्या पानाचे अंतर असते, हे ह्यावरून दिसते.

त्या चित्रातली स्त्री डेबोरा हे ही नर्तकी. पुढे तिने नृत्यरचनाकार म्हणून मोठे नाव मिळवले. छायाचित्रासाठी ती स्वतः बसली होती. म्हणजे येथे बैठक होती, संमती होती. चित्राला शीर्षक मात्र मिळाले 'स्टडीज इन परसेप्शन १'. देह तिचा, पण चित्राच्या शीर्षकात ती नाही, 'दृष्टीचा अभ्यास' आहे. संगणकाच्या जगात देह 'अभ्यासाचे साहित्य' झाला तो असा.

सहासात वर्षांनी हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. १९७३ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर सॉचुक आणि त्यांचे सहकारी चित्रे आकड्यांत रूपांतरित करण्याचे प्रयोग करीत होते. नेहमीच्या नमुन्यांना ते कंटाळले होते. त्यांना एखादा मानवी चेहरा हवा होता. तेवढ्यात कोणीतरी 'प्लेबॉय' मासिकाचा नोव्हेंबर १९७२ चा अंक घेऊन आले. मधल्या पानावर लेना नावाच्या स्वीडिश तरुणीचे नग्न छायाचित्र होते. त्यांनी खांद्यापर्यंतचा भाग तेवढा घेतला, ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांत उतरवला आणि कामाला लागले. इतर प्रयोगशाळांनी प्रती मागितल्या, त्यांना दिल्या. पुढची कित्येक दशके चित्रे लहान कशी करावीत, स्वच्छ कशी करावीत, दूर कशी पाठवावीत ह्या साऱ्या विद्येची कसोटी म्हणून त्या मुलीचा चेहरा पाठ्यपुस्तकांतून व शोधनिबंधांतून फिरत राहिला. आज आपण नातवाचे छायाचित्र क्षणात परगावी पाठवतो, त्या विद्येच्या जडणघडणीत तिच्या चेहऱ्याचाही वाटा आहे.

लेनाचा मासिकाशी झालेला व्यवहार एका अंकाच्या छायाचित्रांचा होता. संगणकशास्त्राला तिने काही दिलेले नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते. आपला चेहरा एवढा प्रसिद्ध आहे हे तिला पुष्कळ वर्षांनी कळले. १९९७ साली बॉस्टन येथे चित्रविज्ञानाच्या परिषदेला तिला सन्मानाने बोलावले तेव्हा ती हसतमुखाने गेली, सह्या दिल्या. पण २०१९ साली निघालेल्या एका माहितीपटात तिनेच सुचवले की मॉडेलिंगमधून मी केव्हाच निवृत्त झाले, आता ह्याही कामातून मला निवृत्त होऊ द्या. अखेर १ एप्रिल २०२४ पासून आयईईई ह्या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या संगणक विभागाने ते चित्र असलेले निबंध घेणे बंद केले. म्हणजे १९७३ साली सुरू झालेली बैठक ५१ वर्षांनी संपली. इतका वेळ कोणत्या मॉडेलने पोझ धरली असेल?

आणि तीही त्या मानाने सुदैवी. तिचे नाव ठाऊक होते, तिला बोलावता आले, तिला उतरायला चौथरा तरी होता. पुढे जे आले त्यात चौथराच नाही.

२०१४ साली इयन गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राकडून नवी चित्रे करवण्याची एक युक्ती काढली. खोटी नाणी पाडणारा एक आणि ती पारखणारा सराफ एक, अशी दोन यंत्रे समोरासमोर बसवायची. सराफ खोटे नाणे ओळखतो, पाडणारा सुधारतो. पुन्हा ओळखतो, पुन्हा सुधारतो. हजारो फेऱ्यांनंतर सराफालाही फसवील असे नाणे निघते. चित्रकारांनी हे साधन उचलले ते थोडे कुतूहलाने, थोडे संशयाने. रॉबी बॅरट ह्या विशीही न गाठलेल्या अमेरिकन तरुणाने २०१८ साली जुन्या नग्नचित्रांचे हजारो नमुने अशा यंत्राला दाखवले. यंत्राने जे काढले त्यात सौंदर्य नव्हते; वितळत्या मेणासारखे मांसाचे गोळे होते, पोटाला घड्या, डोके नाहीच. गंमत अशी की ते गोळे आपल्याकडे पाहून सांगतात: शतकानुशतके ज्याला तुम्ही 'स्त्रीदेहाचे सौंदर्य' म्हणत आलात, त्यातून तिचे मन, नाव, नजर काढून घेतले तर उरते ते एवढेच. त्याच वर्षी जर्मन कलावंत मारिओ क्लिंगमान यांना त्यांच्या 'बुचर्स सन' ह्या यंत्रनिर्मित देहचित्रासाठी लुमेन पारितोषिक मिळाले.

त्याही आधी, २०१६ साली, लंडनच्या जेक एल्वीस यांनी एक मार्मिक प्रयोग केला होता. याहू कंपनीने असभ्य चित्रे ओळखून अडवण्यासाठी एक यंत्र तयार केले होते, म्हणजे सभ्यतेचा दारवानच म्हणा. एल्वीस यांनी त्या दारवानाला उलटा प्रश्न केला: तुला जे असभ्य वाटते ते तूच काढून दाखव. निघाली ती गुलाबी, मांसल, धूसर चित्रे. त्यांत कोणाचाही देह नाही, एक अवयव धड ओळखू येत नाही; तरीही पाहणारा अवघडतो. अश्लीलता चित्रात किती आणि पाहणाऱ्यात किती, हा आपला जुना वाद ह्या प्रयोगाने नव्या रीतीने मांडला. आणि महत्त्वाचे म्हणजे, तो मांडताना कोणाचे वस्त्र ओढावे लागले नाही.

परंतु साधन काही केवळ कलावंतांच्या हाती राहत नाही. २०१७ च्या अखेरीस एका अनामिकाने नट्यांचे चेहरे परक्या देहांवर चिकटवून चित्रफिती पसरवल्या, आणि 'डीपफेक' हा शब्द जगाला मिळाला. जून २०१९ मध्ये कोणाही स्त्रीच्या साध्या छायाचित्रावरून तिला विवस्त्र दाखवण्याचा दावा करणारे एक ॲप निघाले. ओरड झाल्यावर करणाऱ्याने ते दोनतीन दिवसांत मागे घेतले, पण त्याच्या नकला राहिल्याच. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये एका नामवंत अभिनेत्रीचा चेहरा परदेशातील एका स्त्रीच्या चित्रफितीवर चढवला गेला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. अशा प्रत्येक चित्रात अन्याय दोघींवर होतो. एकीचा चेहरा चोरलेला असतो, दुसरीचा देह. आणि जिचा देह, तिचे नाव सहसा कोणी विचारीतही नाही.

येथे आपल्या मराठीचा मला मोठा आधार वाटतो. 'नग्न' आणि 'विवस्त्र करणे' ह्यांत आपली भाषा भेद करते. नग्नता ही अवस्था आहे. बाळाची असते, दिगंबर मुनीची असते, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची असते. त्यात लाज नाही. वस्त्रहरण ही मात्र कृती आहे, आणि ती दुसऱ्याने केलेली आहे. दोहोंमध्ये कापडाचा फरक नाही; फरक आहे संमतीचा. आणि वस्त्रहरणाच्या कथेत द्रौपदीने सभेला काय विचारले ते आठवावे. तिने दयेची याचना करण्याआधी हक्काचा प्रश्न विचारला: जो स्वतःला आधी हरून बसला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? विकर्ण तिच्या बाजूने बोलला. भीष्मासारखा ज्ञानीही धर्म सूक्ष्म आहे असे म्हणून थांबला.

तोच प्रश्न २०२२ साली निराळ्या सभेत उभा राहिला. चित्रे काढणारी नवी यंत्रे आता निराळ्या रीतीने शिकतात. एखाद्या छायाचित्रावर थोडी थोडी धूळ टाकीत ते पार दिसेनासे करायचे, आणि यंत्राला ती धूळ पुसण्याचे शिक्षण द्यायचे. कोट्यवधी चित्रांवर हा सराव झाला की यंत्र नुसत्या धुळीतूनही, आपण सांगू ते चित्र 'पुसून' काढते. ह्या सरावासाठी चित्रे हवीत. लायन-५बी नावाच्या संग्रहात इंटरनेटवरील सुमारे ५८५ कोटी चित्रांचे पत्ते, त्यांच्या मथळ्यांसह, नोंदलेले होते. त्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील एका महिला चित्रकाराने, आपली चित्रे ह्या संग्रहात घेतली आहेत काय हे शोधून पाहिले. तिला तिची चित्रे राहू द्या, स्वतःचा चेहराच सापडला. २०१३ साली उपचार चालू असताना तिच्या डॉक्टरांनी घेतलेले ते छायाचित्र होते. ते फक्त रुग्णाच्या कागदपत्रांत राहील अशा संमतीपत्रावर तिने सही केली होती. डॉक्टर पुढे वारले. छायाचित्र कोणत्या वाटेने बाहेर आले कोण जाणे. तिने काढून टाका म्हटले, तेव्हा अडचण अशी निघाली की संग्रह म्हणजे नुसती पत्त्यांची यादी. चित्र तेथे नाहीच, ते भलतीकडे आहे. आणि शिकून झालेल्या यंत्राला 'हे एवढे विसर' असे सांगण्याचा सोपा मार्ग नाही. उपचारासाठी देह दाखवणे हीही एक बैठकच. ती डॉक्टरांच्या खोलीत संपायला हवी होती.

आता त्या जुन्या युक्तिवादाची भेट. अशा यंत्रांपैकी 'स्टेबल डिफ्यूजन' हे एक यंत्र ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांना खुले झाले. त्याचा गैरवापर पाहून त्या नोव्हेंबरात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या शिक्षणातून नग्न चित्रे गाळली गेली. लगेच वापरणाऱ्यांची तक्रार सुरू झाली की माणसांची चित्रे आता बिघडतात. जून २०२४ मध्ये तिसऱ्या मालिकेतले एक यंत्र आले, त्याला गवतावर पहुडलेली, पूर्ण कपडे घातलेली स्त्री काढायला सांगितले की हातपाय कोठून कोठे निघत! देहाची चित्रे शिक्षणातून गाळल्याचा हा परिणाम असावा, असा तर्क अनेकांनी केला. म्हणजे सॉलोमनसाहेबांचे म्हणणे यंत्रालाही लागू पडते असे दिसते: देह कळल्याशिवाय वस्त्र काढता येत नाही. यंत्रालाही लाइफ क्लास हवा. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या वर्गात चौथऱ्यावर कोण बसणार, कोणाच्या परवानगीने, आणि तिला उतरता येणार की नाही?

ह्याचे एक उत्तर पुन्हा एल्वीस यांनीच देऊन पाहिले. कोविडमुळे रंगमंच बंद पडले असताना, २०२० च्या सुमारास, त्यांनी लंडनच्या १३ ड्रॅग कलावंतांना, म्हणजे वेषांतर करून नाचगाणी करणाऱ्यांना, एकत्र आणले. (बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला वेषांतराचे नवल सांगायला नको.) त्यांच्या संमतीने चित्रीकरण केले आणि त्यांच्या हालचालींवर यंत्राला शिकवून 'झिझी शो' नावाचा आभासी तमाशा उभा केला. साधन तेच, ज्याने इतर ठिकाणी स्त्रियांची विटंबना झाली; पण येथे प्रत्येक देहामागे नाव आहे, होकार आहे, आणि 'आम्ही हे मिळून केले' अशी ऐट आहे. पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही हे काम लागले. दोष साधनात कमी आणि न विचारण्यात अधिक आहे, हे ह्यावरून पटावे.

कायद्याचाही प्रवास ह्याच दिशेने झालेला दिसतो. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या स्त्री-पुरुषांच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या खटल्यात साऱ्यांची चिंता एकच होती, की पाहणाऱ्याच्या नीतीचे काय होईल. २०१३ साली आपल्या दंडविधानात ३५४ क हे कलम आले, तेच आता भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम आहे. त्याच्या स्पष्टीकरणात एक फार मोलाचे वाक्य आहे. त्याचा आशय असा: स्त्रीने चित्र टिपण्यास संमती दिली, पण ते इतरांना देण्यास दिली नाही, तर ते पसरवणे हा गुन्हा होय. कायदा येथे पाहणाऱ्याकडून वळून जिला पाहिले गेले तिच्याकडे आला. 'काढू दिले' म्हणजे 'पसरू दिले' नव्हे, हे त्याने मान्य केले. हे कलम टिपलेल्या चित्रांसाठी लिहिलेले आहे. यंत्राने रचलेल्या चित्रांचा विचार जगभर आता कुठे होऊ लागला आहे. अमेरिकेने मे २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने, संमतीवाचून पसरवलेली अशी चित्रे, मग ती खरी असोत की यंत्ररचित, तक्रारीनंतर ४८ तासांत काढून टाकण्याचे बंधन घातले आहे.

हे सारे लिहिण्याचे निमित्त मात्र लंडनचे नव्हे, माझ्या शाळेचे आहे. गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींनी कोळीनृत्य बसवले होते. नाच झाल्यावर मी मोबाइल काढला आणि सगळ्यांना ओळीत उभे केले. तेवढ्यात एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "बाई, फोटो काढा. पण माझा ग्रुपवर टाकू नका."

मला थोडा रागच आला. एवढासा फोटो, त्यात पालकांचा ग्रुप, काय बिघडणार होते? मी म्हटले, "अगं, सगळ्याच आहेत की त्यात!" ती म्हणाली, "त्यांना चालत असेल, बाई. मला आत्ता तुमच्याकडे हवाय, तिकडे नको." एवढे बोलून ती ओळीत जाऊन हसत उभी राहिली. पुढे मी ग्रुपवर टाकला तो फोटो दुसरा होता. तिला बाजूला उभे करून घेतलेला. मला ते जरा जिवावर आले, हे कबूल करते.

घरी आल्यावर विचार करता लक्षात आले की कायद्याच्या स्पष्टीकरणात जे लिहिले आहे तेच ह्या चौदा वर्षांच्या पोरीने दोन वाक्यांत सांगितले. लेनाला जे सांगायला ४६ वर्षे लागली, कॅलिफोर्नियाच्या बाईला जे सांगूनही कोणी ऐकेना, ते तिने फोटो काढण्याआधीच सांगून टाकले. आणि मी, तिची बाई, तिच्यावर चिडले होते.

तो पहिला फोटो अजून माझ्याकडे आहे. ती येत्या मार्चमध्ये दहावी होऊन शाळा सोडील. त्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारायचे ठरवले आहे: "बाळ, हा ठेवू का पुसू?"